माठातलं पाणी

वजुभाई आणि अनंतराय भावनगरच्या हायस्कुलात एका बाकावर बसत. मॅट्रिकनंतर वजुभाईंना रेल्वेतून बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी अनंतराय येऊन त्यांच्या पायरीवर बसला.

"रेल्वेत जाऊन काय, झेंडी हलवणार? माझ्या बापाचं दुकान आहे की. तू साड्या दाखव, मी गल्ल्यावर बसतो. आपण दोघं भाऊ."

वजुभाई राहिले. जन्मभर राहिले.

साडी दाखवण्यात त्यांचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. घडी उलगडली की पदर बरोबर बाईच्या मांडीवर जाऊन पडे, आणि बाई एकदा पदरावरून हात फिरवू लागली की निम्मं काम झालं. शिवाय एक खूण होती, दोघांनी मिळून ठरवलेली. खरं गिऱ्हाईक आलं की गल्ल्यावरून हाक येई, "बेनसाठी थंडं मागव!" म्हणजे वरच्या फळीवरचा माल काढ. नुसतं बघायला आलेलं असलं की, "माठातलं पाणी दे रे!" म्हणजे वेळ घालवू नकोस, गोडीनं वाटेला लाव. माणूस पाणी पिऊन, वर आशीर्वाद देऊन जाई.

ही खूण घरीही पोचली होती. एखादा पाहुणा हलेना की त्यांची छोटी लेक बीजल विचारी, "बापुजी, यांना माठातलं देऊ?" त्यांची बायको रंभाबेन पदर तोंडाला लावून आत पळे.

रंभाबेनना सख्खा भाऊ नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी अनंतरायला राखी बांधली होती. बीजल झाली तेव्हा तो पेढे घेऊन आला आणि पाळण्यावर वाकून म्हणाला, "भाचीबाई, तुझं पानेतर या मामाचं!" पानेतर म्हणजे लग्नातली पांढरी, लाल काठाची साडी; ती नवरीला मामाकडूनच यायची असते. वजुभाईंनी तो शब्द गाठीला बांधून ठेवला.

समोरच्या दुकानानं त्यांना कितीदा तरी बोलावलं. रंभाबेन म्हणत, "जा ना तिकडे. शेठ तो शेठच."

"शेठ असेल जगाचा. तुझा भाऊ आहे तो," म्हणून वजुभाई चिडत. लग्नसराईत ते घरी यायचे तेव्हा पोरगी झोपलेली असायची. ती चालायला लागली हेसुद्धा त्यांना बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी दुकानातल्या गाद्या निघाल्या, काचा आणि खुर्च्या आल्या. "वजु, आता घरी बस, गुडघे सांभाळ," अनंतराय म्हणाला. वजुभाईंना ती काळजी वाटली.

मग बीजलचं लग्न ठरलं. पहिली कंकोत्री, लग्नाची पत्रिका, नवरीच्या आजोळी मामाला द्यायची, म्हणून तिघं दुकानात गेली. रंभाबेननी कुंकवाचा करंडा बरोबर घेतला होता.

"या, या! बेन, बरी आहेस ना? अरे वा, भाचीबाई!" अनंतराय उठला. मग त्याची नजर रंभाबेनच्या हातातल्या कंकोत्रीच्या लाल पाकिटावर गेली. तो परत बसला आणि मान न वळवता त्यानं आत हाक दिली, "अरे, यांना माठातलं पाणी दे!"

वजुभाईंनी मनाची समजूत घातली. ऊन आहे. पाणी काय, कुणीही विचारतं. पण नव्या सेल्समननं पेले आणून ठेवले आणि बीजलला बघताच त्यानं समोर पसरलेलं पानेतर उचलून मुकाट्यानं त्याची घडी घालायला घेतली.

बीजल म्हणाली, "मामा, मला थंडं चाललं असतं."

अनंतरायचा चेहरा उतरला. "अगं, तसं नव्हतं ते…"

"मग कसं होतं?" रंभाबेननी विचारलं.

वजुभाईंनी पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. तेवढ्यात रंभाबेननी करंडा आणि पाकीट पिशवीत परत टाकलं होतं.

"येतो, शेठ," वजुभाई म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला 'अनु'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

रस्ता ओलांडून तिघं समोरच्या दुकानात शिरली. तिथल्या माणसानं ओळखलं, खुर्च्या सरकवल्या.

"पानेतर? वा! मामा कुठायत? मागून येतायत का?"

हा प्रश्न प्रत्येक नवरीला वजुभाईही विचारत आले होते. त्यांनी रंभाबेनकडे पाहिलं. त्या काचेतून पलीकडे बघत होत्या.

"हिला मामा नाही," वजुभाई म्हणाले.

"असू दे, असू दे. बसा काका. आधी पाणी…"

"पाणी नको!" ते एवढ्या मोठ्यानं बोलले की पलीकडची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मग आवाज उतरवून म्हणाले, "पानेतर दाखवा."

त्या माणसानं घडी उलगडली. पदर बीजलच्या गुडघ्यापर्यंतही पोचला नाही, मध्येच पडला. वजुभाई वाकले, तो उचलला आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या मांडीवर पसरला.