कमरेला पेटी, सात दिवस

मी सरकारी मोजणीदार. शेताची हद्द कुठून कुठं जाते ते मोजायचं, खुणा रोवायच्या, नकाशा करायचा, हे माझं काम. या कामापायी मी वीस वर्षं नुसता चाललो. बिडकीनच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी घ्यायचं ठरलं आणि मोजण्या सुरू झाल्या, तेव्हा तर दिवसाला चार-पाच कोसांची चाल व्हायची. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की टेपाचं टोक त्यात अडकायचं. एका दुपारी नकाशावर नजर ठेवून मागं मागं सरकताना मी एका शेततळ्यात पडलो. तळ्यात पाणी असतं तर भिजण्यावर निभावलं असतं. पाणी नव्हतं, म्हणून पाठ गेली.

दोन ऑपरेशनं झाली. दोन्ही चांगली झाली असं सांगितलं गेलं, आणि फोटोत तसं दिसतही होतं. पण उजव्या पायातली आग गेली नाही. ती कमरेतून निघायची, मांडीच्या मागून उतरायची आणि पोटरीत जाऊन बसायची. खुर्चीत वीस मिनिटं, उभं राहणं पाच मिनिटं, चालणं ऐंशी पावलं. मोजायचीच सवय, त्यामुळं हे आकडे मला पाठ होते. खात्यानं टेबलाचं काम दिलं, पण टेबलाशीही माझी तिसरी फाईल होत नव्हती.

दुखण्यानं माणूस वाकतो हे लोकांना दिसतं. तो घरात कसा होतो ते दिसत नाही. मी लई चिडका झालो होतो. भांडं पडलं की ओरडायचो, दार वाजलं की ओरडायचो. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. मी घरी असलो की ती चपला हातात घेऊन जिना चढायची. हे मला बरंच उशिरा, बायकोकडून कळलं.

त्याच सुमारास वडील आमच्याकडं राहायला आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आमचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. गावाकडं पुन्हा चारा-पाणी संपलं तेव्हा चुलत्यांनी कळप गोदावरीच्या काठानं खाली नेला, आणि गुडघे कुरकुरतात म्हणून दादांना शहरात पाठवलं. आमची वसाहत पैठण रोडच्या बाजूची, नवी. जिकडंतिकडं इमारती उठत होत्या, नळ बसले होते, नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की दादा घागरी घेऊन रांगेत पहिले. मी खिडकीतून बघायचो. पंच्याहत्तरीचा बाप पाणी भरतोय आणि पन्नाशीही न गाठलेला मुलगा उशी पाठीशी घेऊन बसलाय, याचं मला जे वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही.

अशात एका ओळखीच्यानं वेदनांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टर मॅडमचं नाव सुचवलं. त्यांनी आधी तासभर नुसतं ऐकून घेतलं. मग कागदावर पाठीचा कणा काढला आणि समजावलं, "मणक्यांच्या आतल्या पोकळीत दोन बारीक तारा सरकवायच्या. त्यांना बाहेरून एका छोट्या पेटीतून अगदी हलकी वीज द्यायची. पायातून दुखण्याचा निरोप मेंदूकडं जातो ना, तो वाटेतच अडवायचा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. म्हणून आधी आठवडाभर लावून बघायचं. फायदा झाला तर पुढं कायमची पेटी कातडीखाली बसवता येते. नाही झाला तर तारा ओढून काढायच्या."

"किती फायदा झाला म्हणजे झाला म्हणायचं?" मी विचारलं.

"दुखणं निम्म्यानं तरी कमी व्हायला पाहिजे. पण नुसता आकडा मला नको. काय करता यावंसं वाटतं ते सांगा."

"चालायचंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बायकोकडं पाहिलं. ती शिवणकाम करते, मोजकं बोलते. म्हणाली, "माझं विचारता, तर घरात मोठ्यानं बोलता आलं पाहिजे."

दुखणं रोज टिपायला मॅडमनी मला एक वही दिली. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. बायकोनं लगेच आणखी एक वही मागितली. "त्यांच्या वहीवर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. "साहेबांपुढं दहातले दोन सांगतात, अन् घरी येऊन बारा भोगतात." मॅडम हसल्या आणि त्यांनी दुसरी वही दिली.

दादांना हे काही पटलं नव्हतं. "कमरंला पेटी बांधून दुखणं जातंय व्हय? वीज अंगात घालायची म्हंजी काय खेळ हाय?"

"दादा, आठच दिवस. नाही जमलं तर काढून टाकतात."

"काढून टाकत्यात, हे बरंय," ते म्हणाले आणि टँकरची वेळ झाली म्हणून उठले.

ठरलेल्या दिवशी मला पालथं झोपवलं. पाठ बधिर केली, पण मला जागं ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "आता काम तुमचं. मुंग्या कुठं येतात ते नीट सांगायचं." वर एक्स-रेचं यंत्र होतं, पलीकडं पेटीचं तंत्र जाणणारे गृहस्थ बसले होते. पाठीत नुसता दाब जाणवत होता. मग एकदम बरगडीखाली मुंग्यांची रांग चालल्यासारखं झालं.

"बरगडीला," मी म्हणालो. "डाव्या."

"आता?"

"खाली आलं. मांडीला, पण डावीच."

"आता बघा."

शेतात मी असाच झेंडीवाल्याला हात करायचो, अजून डावीकडं, थोडं मागं, बास. आज मी पालथा पडून तेच करत होतो. "उजवीकडं घ्या. हां. अजून खाली." आणि मग मुंग्या बरोबर त्या वाटेनं उतरल्या ज्या वाटेनं आग उतरायची. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत. मी काही बोललोच नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, "काय झालं? दुखतंय का?" पालथ्या माणसाचे डोळे कुणाला दिसत नाहीत, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. पाठीला चिकटपट्ट्यांची जाळी, त्यातून निघालेल्या तारा आणि कमरपट्ट्यात साबणाच्या डबीएवढी पेटी. नियम बरेच. वाकायचं नाही, कंबर वळवायची नाही, ओझं उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, गाडी चालवायची नाही, पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. आठवडाभर अंघोळ बंद म्हटल्यावर घरात कुणी हळहळलं नाही. तेवढंच पाणी वाचलं.

पहिल्या दिवशी मुंग्याच जास्त जाणवल्या. खोकलो की त्या जोरात, आडवा झालो की वेगळ्या. दुसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा उजाडून गेलं होतं. पाच वर्षांत मी उजाडेपर्यंत झोपलो नव्हतो. पडल्या पडल्या पायातली आग शोधली. होती, पण लांब होती, दुसऱ्या गल्लीत कुणी भांडत असावं तशी. मी वहीत 'तीन' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, आपण बिडकीनकडं जाऊन येऊ. शेजाऱ्यांनी आपल्या गाडीतून नेलं. मी, बायको आणि दादा. मी मोजलेल्या शेतांच्या जागी आता रुंद रस्ते होते. दोन्ही बाजूंनी दिव्यांचे खांब, कारखाना मात्र अजून एकही नाही. माणूस नाही, झाड नाही. चालायला याहून सपाट जागा मिळाली नसती.

मी चालायला लागलो. दादा शेजारी, बायको चार पावलं मागं. ऐंशी झाली. शंभर झाली. दीडशेला मी थांबलो. दुखलं म्हणून नव्हे. आता दुखेल या सवयीनं थांबलो. मग पुन्हा निघालो. पाचशे वीस पावलं झाली तेव्हा पोटरीत धग आली आणि मी रस्त्याच्या कठड्यावर टेकलो.

दादा उभेच होते. ते त्या रस्त्याच्या पलीकडं बघत होते. तिथून आमच्या मेंढरांची वाट जायची. माझ्याच नकाशात ती बुडाली होती आणि या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. आज मीच बोललो. "दादा, ही वाट मी मोजली. माझ्या सहीनं गेली."

ते म्हणाले, "तू मोजली म्हणून गेली नाय. ती जाणारच व्हती. तू पडलास, ते मातर लई वाईट झालं." आणि हात पुढं करून म्हणाले, "ऊठ. गाडीपस्तोर चालशील का?"

परत गाडीपर्यंत पाचशे वीस. मध्ये दोनदा थांबलो, पण चाललो.

बरं वाटायला लागलं की माणूस मूर्ख होतो. पाचव्या दिवशी सकाळी टँकर आला. दादा खाली होते, बायको मशीनवर. मी जिन्यात उतरलो, दादांनी भरून ठेवलेली घागर दिसली, आणि काही विचार न करता वाकून ती उचलली. पाठीत काही दुखलं नाही. पण पायातल्या मुंग्या एकदम गेल्या आणि पोटाला पट्टा आवळल्यासारखं झालं. पाच मिनिटांत पोटरीत आग हजर. मी घागर तिथंच ठेवून पायरीवर बसलो. दादा आले. त्यांनी घागर बघितली, मला बघितलं, आणि म्हणाले, "कामून उचललीस?"

बायको मशीनवरून उठून आली. तिनं रिक्षा बोलावली आणि माझ्यासोबत बसली. वाटेत मीच म्हणालो, "संपलं आता. नापास."

"बघू ना. आधी गेल्यावर कळंल," ती म्हणाली.

दवाखान्यात एक्स-रे काढला. एक तार खाली सरकली होती. तंत्रज्ञ गृहस्थ शांत होते. म्हणाले, "तारेवर वीज सोडायची एकच जागा नसते, आठ असतात. एक सरकली तर दुसरी धरू." मी पुन्हा सांगत बसलो, पोटाला, मांडीला, खाली, अजून खाली. अर्धा-पाऊण तास गेला. मुंग्या पोटरीच्या वरपर्यंत आल्या, त्याखाली काही उतरेनात. पहिल्यासारखं झालं नाही, पण आग पुन्हा लांब गेली.

सातव्या दिवशी तारा काढायच्या होत्या. मॅडमनी माझी वही पाहिली. चार, तीन, तीन, तीन, सात, पाच, पाच. त्या म्हणाल्या, "आकड्यांवरून सांगणं अवघड आहे. आधीच्या नऊच्या मानानं शेवटचे दिवस काठावरचे आहेत." तेवढ्यात बायकोनं आपली वही पुढं केली. तिच्या वहीत आकडे नव्हतेच. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली.

'दुसरा दिवस. उजाडेपर्यंत झोपले. मी दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं.'

'तिसरा दिवस. हजाराच्या वर पावलं. येताना गाडीत गप्पा मारल्या.'

'चौथा दिवस. पोरीनं टीव्ही मोठा लावला. काही बोलले नाहीत. स्वतःच शेजारी जाऊन बसले.'

'पाचवा दिवस. स्वतःच्या चुकीनं दुखलं. तरी कुणावर ओरडले नाहीत.'

'सहावा दिवस. पायात थोडी आग आहे म्हणाले. जेवण पाटावर नाही, खुर्चीवर, पण सगळ्यांसोबत. मुलगी चपला घालून जिना चढली.'

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "माझ्या मते हा पास आहे. कायमची तार घट्ट बांधलेली असते, अशी सहजी सरकत नाही. पण घागर उचलायची नाही."

तारा काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पट्ट्या सोलताना जास्त दुखलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आग आपल्या जुन्या जागी येऊन बसली. पूर्वीही ती तेवढीच असणार, पण आता मला ती नसतानाचं माहीत झालं होतं, त्यामुळं सोसवेना. दादा खाटेजवळ बसून बघत होते. पेटीवर विश्वास नसलेला तो माणूस संध्याकाळी बायकोला म्हणाला, "सूनबाई, त्या डाक्टरीनीला सांग, लवकर बसवा म्हणावं."

खर्चाला खात्याची मंजुरी यायला वेळ लागला, त्यात एक उन्हाळा गेला. मग कायमची पेटी बसली, कमरेच्या मागं कातडीखाली. तिला आता बरीच वर्षं झाली. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. थंडीत ते हटकून येतं, लांबच्या प्रवासानं येतं. पण गोळ्या निम्म्याहून कमी झाल्या. मी पुन्हा मोजणीला जातो. जवळच्या, सपाट जागेच्या. शहर वाढतंच आहे, तेव्हा सपाट जागांची कमी नाही. शहागंजच्या बाजारात बायको कापड बघते तेव्हा मी दुकानाबाहेर उभा राहू शकतो, आणि ती आता भाव करताना घाई करत नाही.

दर आठवड्याला पेटी चार्ज करावी लागते. कमरेला पट्टा बांधून तासभर बसायचं. दादा चालता येईना तसे आमच्याकडंच राहिले. रविवारी सकाळी मी पट्टा बांधून बसलो की ते आपली खुर्ची ओढून शेजारी बसतात. मग मेंढरांच्या, जुन्या वाटांच्या गोष्टी निघतात. मुलगी कॉलेजातून आलेली असली की तीही ऐकते, मध्येच मोठ्यानं हसते. एखाद्या रविवारी मी विसरलो, तर दादा आतून आवाज देतात, "अरे, त्या जनावराला आज चारा घातला का नाय?"

मी म्हणतो, "घालतो, दादा," आणि पट्टा बांधायला घेतो.