अर्धमेली बॅटरी

नेव्हिल ऑक्सलीला नवी बॅटरी बघवत नसे. दुकानातली चकचकीत, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिसली की त्याचं तोंड कडू व्हायचं. त्याला हवी असायची अर्धमेली. ठणठणीत नको आणि पुरती गेलेलीही नको. मीटर लावला की काटा साडेसातवर येऊन थांबला पाहिजे. तेवढ्यावरच त्याचं फझ पेडल खरं बोलायचं.

फझ म्हणजे पायाने दाबायची पत्र्याची डबी. गिटारचा सरळ आवाज आत जातो आणि बाहेर येतो तो घोगरा, जाड, गळा भरून आलेल्या माणसासारखा. नेव्हिलने ती अठराव्या वर्षी स्वतः जोडली होती. थंडीत ती रुसायची, म्हणून हिवाळ्यात तो तिला कोटाच्या आत, काखेशी धरून, रविवारी बँडमध्ये वाजवायला क्लबला न्यायचा. बाकीची पेडलं त्याने एका मोडक्या कपाटाच्या दारावर पट्ट्यांनी चिकटवली होती: एक ‘वॉ-वॉ’ असं कुरकुरणारं, एक प्रतिध्वनी देणारं, आणि एक असंच, लाल दिवा छान दिसतो म्हणून. पण जीव होता तो फझमध्ये. नव्या बॅटरीवर ते पेडल डबीत गांधीलमाशी कोंडल्यासारखं किंचाळायचं.

आणि देव कधीकधी माणसाला नेमकी हवी तीच नोकरी देतो. नेव्हिल इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, घरांमधले धुराचे अलार्म तपासायचा. बॅटरी उतरली की अलार्म दर मिनिटाला ‘टुक’ करतो. म्हाताऱ्या वैतागून फोन करायच्या, नेव्हिल शिडी घेऊन जायचा, नवी बॅटरी घालायचा आणि जुनी खिशात टाकायचा. टुकटुकणाऱ्या अलार्मची बॅटरी मीटरवर साडेसात भरते, हे गुपित त्याने सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, ग्लेनिसलाही नाही. सांगितलं असतं तर ती आठवडाभर हसली असती आणि वर बहिणीलाही फोन करून हसवलं असतं.

मग दोन वर्षांपूर्वी कौन्सिलने नवे अलार्म आणले. बॅटरी आतच बंद, दहा वर्षं बघायला नको. सगळे खूश झाले. कौन्सिलच्या बैठकीत लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा नेव्हिल हाताची घडी घालून बसला होता. घरामागच्या शेडमधला जुन्या बॅटऱ्यांचा साठा आटत गेला. रेडिओत घालून घाईने मारलेली बॅटरी त्याला चालत नसे. तासाभराने ती पुन्हा डोकं वर काढते, काटा परत चढतो, म्हणायचा.

गेल्या रविवारी घात झाला. क्लबमध्ये दुपारच्या कार्यक्रमाच्या शेवटी एक संथ गाणं असतं. त्यात दीड मिनिट बाकीचे गप्प बसतात आणि गिटार एकटी बोलते. ते दीड मिनिट म्हणजे नेव्हिलचा अख्खा आठवडा. ऐन त्या दीड मिनिटात बॅटरी मेली. गिटार दोनदा खोकली आणि गप्प झाली. लोक हसले.

ड्रमवाला रॉयस्टन बँडचा कारभारी. तो काही हसला नाही.

“बास झालं, नेव,” तो म्हणाला. “मी एक इलेक्ट्रॉनिक पेटी आणलीय. शंभर आवाज आहेत तिच्यात. बटण दाबायचं की झालं. तुझं ते पेडलांचं दार आता शेडमध्ये राहू दे.”

“त्या पेटीत माझा आवाज आहे का?”

“शंभरातला एखादा तुझाच निघेल की! आणखी एक रविवार देतो. नीट वाजलं तर ठीक, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून पेटी. आणि तोंड वाकडं करू नकोस, मला तुझ्यापेक्षा जास्त कंटाळा आलाय.”

त्या दिवशी नेव्हिलने घरी येऊन घराचं दार आपटलं. “मेली बॅटरी ऐन वेळेला गेली!” एवढंच ग्लेनिसला सांगितलं आणि शेडमध्ये जाऊन बसला. तिथे शेवटची एक साडेसातची उरली होती. तिला त्याने लाल चिकटपट्टी गुंडाळली, फझमध्ये बसवली आणि आठवडाभर पेडलला हातसुद्धा लावला नाही.

रविवारी अकरा वाजता त्याने क्लबच्या स्टेजवर पेडलांचं दार मांडलं. क्लब काही कौन्सिलचा नव्हता, त्यामुळे मागच्या बोळात छताला अजून जुन्या तऱ्हेचाच अलार्म होता, आणि तो टुकटुकत होता. तो गेले तीन आठवडे तसाच टुकटुकत होता. क्लबचा सेक्रेटरी विल्फ ऐंशीचा आणि नेव्हिल साठीचा, पण विल्फच्या लेखी तो अजून पोरगाच.

“पोरा, तू त्यातला माणूस ना? मग तेवढी बॅटरी बदल की. बिंगोचे आकडे ओरडताना मधेच ते टुक होतं, बायका मला शिव्या घालतात.”

“रविवारी मी अलार्मला हात लावत नाही, विल्फ. सहा दिवस तेच करतो.”

“मोठा आलाय साहेब!”

नेव्हिलने गिटार जोडली आणि फझवर पाय दिला.

गांधीलमाशी किंचाळली. भिंतीवर आवाजाची मर्यादा सांभाळणारे दिवे होते. शेजाऱ्यांनी तक्रार केल्यापासून क्लबने ते बसवले होते. हिरवा गेला, पिवळा गेला, लाल लागला आणि तीन सेकंदांत स्टेजची वीज कट्दिशी बंद झाली. 

नेव्हिलने डबी उलटी करून झाकण काढलं. आत चकचकीत नवी बॅटरी, आणि तिच्याभोवती एक चिठ्ठी. अक्षर ग्लेनिसचं. ‘नवी घातली आहे. आज बिनधास्त वाजव.’

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने फोन लावला.

“ग्लेनिस! ती लाल पट्टीवाली कुठाय?”

“ती होय? सकाळी दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकली. मीटर लावून बघितलं मी, तुझाच. मेलेलीच होती रे! परत फजिती झाली असती तुझी. सापडली का चिठ्ठी?”

नेव्हिलच्या तोंडाशी जे आलं ते चौतीस वर्षांच्या संसारात तो एकदाही बोलला नव्हता.

“आणि ऐक,” ती म्हणाली, “आज मी मागे नाही बसणार. पुढचं टेबल धरून ठेव. बघू दे तरी माझी बॅटरी कशी वाजते.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन खिशात कोंबला. मग सगळा राग रॉयस्टनवर, विल्फवर, वीज तोडणाऱ्या दिव्यांवर आणि शेवटी कौन्सिलवर काढला. आयुष्यभर माणसाने एक आवाज सांभाळावा आणि तो कुणीतरी मायेने उचलून कचऱ्यात टाकावा! बरं, रागवावं तरी कुणावर? वैरी असता तर निदान दोन हाणता तरी आल्या असत्या.

“झालं बोलून?” रॉयस्टन म्हणाला. “पेटी गाडीत आहे. काढू?”

बोळात अलार्म टुकला.

नेव्हिल तसाच उभा राहिला. मिनिटभराने अलार्म पुन्हा टुकला. तीन आठवडे हे कान काय करत होते?

“विल्फ! शिडी आण!”

“आत्ता? मघाशी तर रविवार होता...”

“शिडी आण म्हणतो ना!”

तो वर चढला, अलार्म उघडला, जुनी बॅटरी काढून मीटरला लावली. काटा साडेसातवर येऊन थांबला. ती त्याने फझसाठी खिशात टाकली. ग्लेनिसची नवी त्याने अलार्ममध्ये बसवली आणि नियमाप्रमाणे बटण दाबून तपासली. अलार्म असा कोकलला की बारवरच्या दोघांच्या ग्लासातली बिअर सांडली.

ग्लेनिस एक वाजता आली. निळा ब्लाउज, केस सेट केलेले. तीस-बत्तीस वर्षं ती मागच्या कोपऱ्यात बहिणीबरोबर बसायची. गाणी चालू असताना बिंगोच्या पानांवरचे आकडे खोडायची, गप्पा मारायची. आज ती पुढे बसली. पानं पर्समध्येच राहिली.

शेवटचं गाणं आलं. बाकीचे थांबले. नेव्हिलने फझवर पाय दिला आणि डोळे मिटले.

आवाज आला. जाड, घोगरा, त्याचाच. भिंतीवर पिवळा दिवा थरथरला, पण लाल लागला नाही. मधे एकदा त्याने डोळे उघडले. ग्लेनिस त्याच्याकडे बघत होती. लग्नाच्या दिवशीही तिने त्याच्याकडे इतका वेळ एकटक बघितलं नव्हतं. त्याची एक सुरावट चुकली, ती त्याने पुढच्या सुरात ओढून नेली. दीड मिनिट संपलं.

“पेटी परत करतो मी,” रॉयस्टन सामान आवरताना पुटपुटला. “पण त्या दाराला निदान एक मूठ तरी बसव. उचलताना हात सोलतात माझे.”

ग्लेनिस स्टेजशी आली. तिचे डोळे ओले होते.

“बघितलंस? इतकी वर्षं वाजवतोस, असं कधी वाजलं नव्हतं रे! आणि कारण काय? साधी नवी बॅटरी!”

असंच वाजत आलं होतं. पहिल्या वर्षापासून, दर रविवारी, अगदी असंच. नेव्हिलने सांगायला तोंड उघडलं. पुढच्या खुर्चीवर बसायला तिने घरून आणलेली उशी त्याला दिसली.

“हो गं,” तो म्हणाला. “बॅटरीचाच फरक.”

“तरी मी म्हणत होते!” तिने पर्समधून एक पुडकं काढून त्याच्या हातात दिलं. “आणखी अकरा आहेत. आता दर रविवारी मी स्वतः बदलणार. आणि इथेच बसणार, पुढे.”

बोळातला अलार्म गप्प होता. आता वर्षभर तरी तो गप्पच राहणार होता.

घरी आल्यावर नेव्हिल सरळ शेडमध्ये गेला. पुडक्यातली एक बॅटरी काढली, जुन्या रेडिओत घातली, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि स्टुलावर बसून ती मरायची वाट बघू लागला. ग्लेनिसच्या नव्या बॅटरीच्या जागी गुपचूप घालायला रविवारपर्यंत ती साडेसातवर यायला हवी होती, आणि तिने पुन्हा डोकं वर काढता कामा नये.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

“नेव!” ग्लेनिस ओरडली. “बंद कर तो रेडिओ! बॅटरी फुकट जातेय!”