कंपाउंडरकाकांचा उपास

मी एका आजारी म्हाताऱ्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवलं. मुद्दाम नव्हे, विसरलो म्हणून. पण पोटाला हा फरक कळत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतली आमची ख्रिस्ती मंडळी मोजक्याच घरांची, तिला स्वतःचा पाळक नव्हता. कोल्हापूरहून पाद्रीसाहेब दोन महिन्यांतून एकदा एसटीने यायचे, उपासना घ्यायचे, प्रभुभोजन द्यायचे. जे चर्चपर्यंत येऊ शकत नव्हते त्यांच्या घरी भाकर आणि द्राक्षारस घेऊन जायचे. कोणाकडे किती वाजता जायचं हे ठरवायचं काम सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी मी. शिवाय ऑफिसात कारकून, गायनमंडळात पेटीवाला, रविवारच्या शाळेत मास्तर. कोणी ‘कसे आहात?’ विचारलं तर मी ‘गडबडीत आहे’ म्हणायचो, आणि म्हणताना मला बरं वाटायचं.

कंपाउंडरकाका शहराला लागून असलेल्या नाचणे गावात राहायचे. एका दवाखान्यात जन्मभर औषधाच्या बाटल्या भरून दिल्या, आता स्वतःच अंथरुणाला टेकले होते. हृदय थकलं होतं. त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका, घरात ती दोघंच. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पाद्रीसाहेबांच्या पुढच्या खेपेपर्यंतचं काही सांगता येणार नाही. तिने ते मला सांगितलं. मी म्हटलं, “काळजी करू नका, रविवारी साडेअकराला त्यांना घेऊन येतो.”

काकांची एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाच्या दिवशी ते घेईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या रविवारी पाद्रीसाहेबांनी प्रीतीवर उपदेश केला, मी पेटी वाजवली. नंतर जवळची दोन घरं झाली. मग जेवण माझ्याकडे. जेवणावर कमिटीची सभा, आणि सभेचा विषय मंडळीचं प्रीतिभोजन: पत्रावळी घ्यायच्या की स्टीलची ताटं. सव्वा तास चर्चा झाली. मी ताटांच्या बाजूने बोललो, आणि चांगला बोललो. तीनच्या गाडीत पाद्रीसाहेबांना बसवून, हात हलवून, घरी येऊन आडवा झालो.

पाच वाजता दारात काकांची मुलगी. नाचण्याहून उन्हातून चालत आलेली.

“पाद्रीसाहेब निघाले ना? बाबा सकाळी अंघोळ करून बसलेत. पाणीसुद्धा घेत नाहीत.”

मी लुंगीवर होतो आणि हातात कलिंगडाची फोड होती. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, “पाद्रीसाहेबांची तब्येत एकदम बिघडली हो. परत गेले. मी तुमच्याकडे निरोप द्यायलाच निघालो होतो.”

तिने कलिंगडाकडे बघितलं.

शर्ट चढवून तिच्याबरोबर गेलो. काका खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. समोर छोट्या टेबलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलेलं. ओठ सुकून फुटले होते.

“सलाम, काका. पाद्रीसाहेबांना अचानक बरं वाटेनासं झालं.”

“काय होतंय?”

“पोट.”

“उलट्या की जुलाब?”

कंपाउंडरशी खोटं बोलू नये, हे मला तिथे कळलं. “दोन्ही,” मी म्हणालो.

“ताप?”

“थोडासा.”

“आणि अशा माणसाला तू एसटीत बसवलंस? आंबा घाटातून?”

मी म्हटलं, “त्यांचा फार आग्रह होता.”

“आग्रह आजाऱ्याने करायचा असतो. आपण ऐकायचा नसतो.” मग मुलीला म्हणाले, “पेज नंतर दे गो. आधी प्रार्थना करू.”

आणि त्यांनी हात जोडले. पाद्रीसाहेबांच्या पोटासाठी त्यांनी प्रार्थना केली, प्रवासासाठी केली, घरी वाट बघणाऱ्या बायकामुलांसाठी केली. मधेच आवाज गेला, त्यांनी दम घेतला आणि पुन्हा सुरू केली. मग माझ्यावर आले. “प्रभो, आमच्या सेक्रेटरीला सांभाळ. एकटा किती धावतो.”

माझ्याने राहवलं नाही. आमेन व्हायच्या आतच मी बोललो. “काका, पाद्रीसाहेबांना काही झालेलं नाही. मी विसरलो. साफ विसरलो. जेवलो, सभा केली, झोपलो.”

त्यांनी डोळे उघडले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच राहिली. काका ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. ओरडणं मला झेपलं असतं.

“म्हणजे पाद्रीसाहेबांचं पोट बरं आहे?” काकांनी विचारलं.

“हो.”

“बरं झालं. मला काळजी लागली होती.” आणि मुलीला, “आण गो पेज. दोन वाट्या आण.”

“काका, मी जेवलोय.”

“ते दिसतंय. तरी घे.”

मी घोट घेईपर्यंत त्यांनी आपली वाटी उचलली नाही. गरम पेज, मीठ आणि लोणच्याची फोड. ते हळूहळू प्यायले, मधेच थांबून. मी कृपा या विषयावर मुलांना दर वर्षी धडा द्यायचो, फळ्यावर मुद्दे काढून. त्या मुद्द्यांत पेज कुठेच नव्हती.

निघताना ते एवढंच म्हणाले, “पुढच्या खेपेला बघू.” पुढच्या खेपेचं त्यांनाही माहीत होतं, मलाही.

सोमवारी मी ऑफिसला रजा टाकली आणि पहिल्या गाडीने कोल्हापूर गाठलं. पाद्रीसाहेबांना सगळं सांगितलं, त्यांना लावलेले जुलाबसुद्धा. ते हसले नाहीत. डायरी उघडली, बुधवारचं काहीतरी खोडलं आणि म्हणाले, “बुधवारी दुपारी.”

बुधवारी मी त्यांना स्टँडवरून थेट नाचण्याला नेलं. काका त्याच शर्टात, टेबलावर तेच कापड. पाद्रीसाहेबांनी वचनं वाचली. भाकर मोडली. काकांना दिली, मुलीला दिली. मी दाराशी उभा होतो. आपण आज घेऊ नये, असं ठरवूनच आलो होतो. काकांनी मला जवळ बोलावलं आणि नाडी बघावी तसं माझं मनगट धरलं. पाद्रीसाहेबांना म्हणाले, “ह्यालाही द्या.” मी घेईपर्यंत मनगट सोडलं नाही.

त्यानंतर ते तीन आठवडे जगले.

पण त्या बुधवारी मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं की माझ्यातला सेक्रेटरी लगेच जागा होतो. मुलगी आम्हाला पोचवायला बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, आली, तेव्हा मी जबाबदार आवाजात म्हणालो, “काका सकाळपासून उपाशी असतील. आता आधी त्यांना खायला द्या बघू.”

“सकाळी नऊलाच पेज प्यायलेत,” ती म्हणाली. “मी विचारलं, आज उपास नाही का? तर म्हणाले, पाद्रीसाहेब एकटे येत असते तर धरला असता गो, पण बरोबर सेक्रेटरी आहे.”