पाहुण्यांना वाढून आम्ही उपाशी खेळलो

मैत्रिणींनो, आज आमची महिला कबड्डी टीम येडगावात, घरच्याच मैदानावर हरली. बोलल्याशिवाय राहवत नाय.

घोडेगावची टीम दहालाच आली. सामना साडेबाराला. पाहुण्या दारात आल्यावर रीत कशी सोडणार? पहाटे पाचपासून आम्ही सातही खेळाडू स्वयंपाकाला लागलेलो. पिठलं, भाकरी, भात. "घ्या ओ ताई, अजून अर्धी!" असा लई आग्रह करून वाढलं.

त्यांच्या कॅप्टननं विचारलं, "तुमी कधी बसणार?"

मी म्हणाले, "आमचं काय, मागून."

ते मागून काही आलंच नाय. भांडी आवरेपर्यंत शिट्टी झाली. पोटात नुसता दोन कप चहा.

पहिल्या हाफमध्ये आम्ही सहा गुणांनी पुढं होतो. दुसऱ्यात मी चढाईला गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तिथून सगळं घसरलं.

माईकवर कॉमेंट्री करणारे भाऊ म्हणाले, "बायकांचा दम इथंच संपतो राव!"

दम? सीझनभर टोमॅटोचे क्रेट उचलून गाडीत भरतो आम्ही! दम होता, भाऊ. जेवण नव्हतं. आणि ते कुणी हिसकावलं नाय, आमचं आम्हीच मागं ठेवलं.

तुमच्यातल्या किती जणी अशा चहावर मैदानात उतरल्यात? खरं सांगा.

पुढच्या महिन्यात सामना परत इथंच आहे. त्या दिवशी दोन्ही टीम एकाच पंगतीला बसणार. वाढायला माईकवाले भाऊ. भाकरी गरम पाहिजे, आत्ताच सांगून ठेवते.