गालिच्याच्या अलीकडे

"हलगी कुठाय? ए किसन्याच्या पोरा, हलगी कुठाय तुझ्या बापाची?"

दादासाहेब ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की ते आमच्या गावात ओरडले तर नळदुर्गच्या किल्ल्यातली कबुतरं उडावीत आणि तुळजापूरला जाऊनच खाली बसावीत. गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष ते. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच सहीची.

मी वाचनालयासमोर मांडवाच्या कमानीत उभा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मागं माझ्या कवितेच्या तासाची पोरं ओळीनं. वाचनालयाचा वर्धापनदिन होता. पोरं स्वतःच्या कविता म्हणणार होती आणि त्या ऐकायला सोलापूरहून एक मोठे कवी येणार होते.

"आबा तापानं फणफणलेत," मी म्हणालो.

"मग? सुपारी घेतली की न्हाय त्यानं? घरात दुसरा गडी न्हाय व्हय? तू हायंस की!"

आमच्याकडं सुपारी म्हणजे शब्द. पाहुण्यापुढं हलगी वाजवायची सुपारी एकदा मातंग वस्तीतल्या घरात आली, की वाजवणारा आजारी पडो नाही तर मरो, त्या घरातल्या दुसऱ्यानं हलगी गळ्यात अडकवायची. माझा आजा तर म्हणे तिरडीवरून उतरला, सरपंचाची मिरवणूक वाजवली, आणि मग परत जाऊन निवांत आडवा झाला. ही गोष्ट मी आजवर शंभर ठिकाणी सांगितली असेल, लोकांना हसवून हसवून. त्या दिवशी कमानीत उभा राहिल्यावर कळलं, यात हसण्यासारखं काही नाही.

"दादासाहेब, पोरांच्या कविता मी घेणार हाय. पोरं माझी हायेत."

"कविता काय, कुणीबी घील. हलगी कोण बडवणार? मी?"

सगळे हसले. पोरंही हसली. माझीच पोरं. त्यांना वाटलं, सरांची गंमत चाललीय.

घरी माणूस पाठवून हलगी आणवली. माझ्या गळ्यात अडकवली. इस्त्रीच्या शर्टावर.

आता माझा तास कसा चालायचा तेही ऐका. दर शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या सतरंजीवर. कविता लिहायची शेवटी. आधी ती पायात उतरवायची. मी समोर मांडी घालून बसायचो, मांडीवर ठेका धरायचो, आणि पोरं जागच्या जागी पाय आपटत ओळी जुळवायची. वस्तीतली आणि गावातली, एकाच सतरंजीवर. धूळ एवढी उडायची की कपाटातल्या ज्ञानकोशांना खोकला लागायचा. एरवी त्या कपाटांना हात लावतं कोण? झुरळंसुद्धा वाचून वाचून कंटाळून परंड्याला निघून गेली होती.

गाडी आली. मी वाजवली. हो, वाजवली. आबांनी घेतलेला शब्द होता. वाजवत पाहुण्यांना कमानीपर्यंत आणलं. तिथून आत लाल गालिचा. पाहुण्यांचा पाय गालिच्यावर पडला की हलगीवाल्यानं जागीच थांबायचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही. आमच्या पायांना पाठ आहे.

पोरं आत गेली. मी अलीकडे.

माईकवर दादासाहेब म्हणाले, "ही लेकरं आमच्या कमिटीनं तयार केलीत."

कमिटी! शनिवारी दुपारी कमिटी घोरायची. ते घोरणं ऐकून हायवेचे ट्रक बाजूला व्हायचे.

पहिलं नाव आरतीचं. आमच्याच वस्तीतली, सहावीतली पोर. चार ओळी तिनं कितीतरी शनिवार पाय आपटून आपटून जुळवल्या होत्या. ती स्टेजवर आली आणि समोर बघितलं. समोर मी नव्हतो. पहिल्या रांगेत फेटे होते. तिची मान फिरली. नजर कमानीपर्यंत आली. मी दिसलो. गळ्यात हलगी.

मघाशी ती हसली होती. आता हसली नाही.

तोंड उघडलं, मिटलं. पाय हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "वस्तीतली हाय. तिला काय जमतंय?"

मी जागेवरूनच ठेका देऊ शकलो असतो. हलगी गळ्यातच होती. तिला ऐकू गेलं असतं, तिनं कविता म्हटली असती, टाळ्या पडल्या असत्या. आणि ती पोर कायमचं शिकली असती, की आपल्या माणसानं बाहेरूनच वाजवायचं.

हलगी काढली. खाली ठेवली. गालिच्यावर पाय ठेवला.

"तिथंच थांब!" दादासाहेब.

दुसरा पाय ठेवला.

"तंगडं मोडीन, भाड्या!"

तो गालिचा पाच-पन्नास फुटांचा असेल. मला वाटलं, मी हैदराबादपर्यंत चालतोय. स्टेजपुढं गेलो. मांडी घातली. मांडीवर ठेका धरला. आरतीचा पाय हलला.

"आईच्या हातावर
भाकरीचा चटका,
विचारलं, दुखतं का?
म्हणली, आधी खा."

टाळी नाही. एकही नाही. कवी पाहुणे छातीवरचं गुलाबाचं फूल सरळ करत बसले. त्यांच्या कवितेत क्रांती होते म्हणे. त्या दिवशी ती रजेवर असावी. दोघांनी मला बखोट धरून उचललं आणि कमानीबाहेर फेकलं. शर्ट खांद्यावर फाटला. हलगीवर कुणीतरी पाय देऊन गेलं होतं. चामडं फाटलेलं.

पुढच्या शनिवारी वाचनालयाला नवं कुलूप. मला आत यायची बंदी. गावातली पोरं यायची थांबली. आबांना पुन्हा सुपारी आली नाही. लग्नसराई सुरू झाली तशी बाहेरची बँड पार्टी आली. आमच्या दारावरनं वाजत गेली. आबा भिंतीकडं तोंड करून झोपले. माझ्याशी बोलणं बंद. बंद करण्याआधी एवढंच म्हणाले, "हात जोडले असते तर काय झिजले असते?"

वस्तीतलेही म्हणाले, "लेका, कवितेनं काय चूल पेटती का?"

नाही पेटत. मला ठाऊक आहे. मी कितीही थापा मारीन, ही मारणार नाही. पण समाजमंदिराच्या पायरीवर आता शनिवारी तास भरतो. आरती येते. तिच्या बरोबरीच्या काही जणी येतात. पाय आपटतात. मी पोरांना एकच सांगितलंय: ज्या दारात आपल्या माणसाला बाहेर उभं करतात, त्या दारात आपण कविता म्हणायची नाही. बक्षीस असलं तरी नाही. पाहुणा स्वर्गातून आला तरी नाही. दार मोडायचं का, ते मोठे झाल्यावर ठरवा. तोंड मात्र आजपासून तिथं मिटायचं.

मग परवा वाचनालयाचा शिपाई घरी आला. अनुदानासाठी तपासणी येणार होती. साहेबांना लेकरांचा उपक्रम दाखवायचा होता. आबा दारात बसले होते. मी आत, भाकरीवर.

"किसनराव," शिपाई म्हणाला. आमच्या दारात हे 'राव' पहिल्यांदाच आलं. "दादासाहेब म्हणतेत, पोराला पाठवा. पोरं घीऊन यिऊ द्या. ह्या बारीला आत खुर्ची दितो म्हणतेत. फकस्त आधी वाड्यावर यिऊन पाया पडायचं."

माझ्या हातातला घास हातात राहिला. आबांनी आयुष्यभर त्या वाड्याला 'जी' सोडून दुसरं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

आबा खोकले. बाजूला थुंकले.

"तो न्हाय येणार," म्हणाले.