हरलेल्याचं घर

माझे थोरले दीर डॅलसच्या उत्तरेला, नव्या वसाहतीतल्या मोठ्या घरात राहतात. आम्ही अर्विंगला, अपार्टमेंटमध्ये. भारतातून आलो तेव्हा सुरुवातीला त्यांच्याच घरी राहिलो होतो, त्यामुळे त्यांनी बोलावलं की जायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच होतं. नाताळच्या आधीच्या शनिवारचं बोलावणं तर टाळायची सोयच नव्हती. त्या दिवशी मुलं जिंजरब्रेडची घरं बांधत.

तयारी सगळी जाऊबाईंची. आलं, दालचिनी आणि काकवी घातलेल्या पिठाच्या भिंती नि छपरं त्या आदल्या दिवशीच भाजून ठेवत. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर घोटून केलेलं आयसिंग मेंदीच्या कोनासारख्या पिशव्यांत भरत. टेबलावर वाट्याच वाट्या: रंगीत गोळ्या, पेपरमिंटच्या काड्या, बदामाचे काप. मुलं तीन. त्यांचे दोन मुलगे आणि माझी मुलगी.

"लहानपणी आम्ही दिवाळीत किल्ले करायचो ना," भाऊजी पहिल्या वर्षी म्हणाले, "तसंच हे. फक्त हे खाता येतं."

मग त्यांनी नियम सांगितला. संध्याकाळी मार्क ते देणार. पहिलं आलेलं घर नव्या वर्षापर्यंत फायरप्लेसच्या वर दिमाखात राहणार. शेवटचं आलेलं घर, ते ज्यानं बांधलं त्यानंच सगळ्यांसमोर फोडायचं. त्यासाठी एक लाकडी हातोडी आणून ठेवली होती, खेळण्यातली वाटावी अशी.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं घराचं दार मोठ्ठं कापलं. नागपूरला माझी आई व्हीलचेअरवर असते, ती आत आली पाहिजे म्हणून. दारामुळे पुढची भिंत कमजोर झाली आणि वाकली.

"ह्या दारातून ट्रक जाईल," भाऊजी म्हणाले. "लास्ट."

"भाऊजी, लहान आहे हो ती. राहू द्या."

"अगं, लहान आहे म्हणूनच. इथल्या शाळांत नुसतं धावलं तरी मेडल देतात. आपली पोरं अशी मऊ करायचीत का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मुलीनं हातोडी इतकी हळू मारली की काहीच फुटलं नाही. "जोरात!" भाऊजी म्हणाले. थोरला पुतण्या हसत हसत व्हिडिओ काढत होता. तिसऱ्या घावाला दार तुटलं, आणि ती माझ्या कुशीत शिरून हुंदके द्यायला लागली. भाऊजींनी छपराचा तुकडा उचलला आणि कुडुम कुडुम खाल्ला.

परतताना गाडीत मी नवऱ्याशी भांडले. सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "दादाच्या किल्ल्याला एकदा बक्षीस मिळालं नाही, तर बाबांनी लाथेनं मोडला होता. मावळ्यांसकट. मी पायरीवर बसून बघत होतो."

"मग त्यांना तर कळायला पाहिजे ना!"

"कळलंय की. तो म्हणतो, त्यामुळेच मी इथवर आलो."

दुसऱ्या वर्षी मुलगी पुन्हा शेवटची आली. या वेळी तिनं एकाच घावात घराचा चुरा केला, एक तुकडा तोंडात टाकला आणि काकांकडे बघत चावला. डोळ्यांत टिपूस नाही. "शाब्बास, वाघीण!" म्हणत भाऊजींनी तिला खांद्यावर घेतलं. तिला ते फार आवडलं. ते मला तिच्या रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिसऱ्या वर्षी धाकट्या पुतण्यानं छपरावर बदामाचे काप कौलांसारखे एकेक करून लावायला घेतले. सबंध दुपार तो जागचा हलला नाही. बाहेर पाऊस होता, हवा ओलसर, आयसिंग वाळेना. भाऊजी मार्क द्यायला आले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अख्खं छप्पर घसरून खाली आलं.

"बाबा, फाइव्ह मिनिट्स. प्लीज."

"टाइम संपला."

माझी मुलगी पहिली आली, तो शेवटचा. हातोडी समोर ठेवली तरी तो हात मागे बांधून उभा. तेवढ्यात कुणीतरी ओरडायला लागलं, "ब्रेक इट! ब्रेक इट!" ती माझी मुलगी होती. थोरल्यानं लगेच तिच्या सुरात सूर मिसळला. दोघंही टेबल बडवत होती.

मी मुलीला दटावलं आणि हातोडी उचलून घेतली. "भाऊजी, पुरे झालं आता."

"दे ती इकडे. माझ्या घरात मला शिकवू नकोस."

मी दिली नाही. मग जाऊबाई पुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्या ती आत नेऊन ठेवतील असं वाटून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पोराच्या घरावर घाव घातला. मग आणखी एक, आणखी एक, खालची प्लेट तडकेपर्यंत. बदामाचे काप जमिनीवर उडाले. मुलगा सारा वेळ आईच्या तोंडाकडे बघत होता.

"झालं," त्या म्हणाल्या. "जा, हात धू. चहा कोणाकोणाला?"

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "वहिनी, तुम्ही? का?"

चहाची पूड मोजून टाकत त्या म्हणाल्या, "मी फोडलं म्हणून लवकर मिटलं. त्याच्याकडून फोडून घ्यायचं तर जेवणं होईपर्यंत चाललं असतं. तुला एक दिवस बघायचं असतं गं. मला इथे राहायचंय."

चौथ्या वर्षी मी म्हटलं, आपण जायचं नाही. मुलीनं आकांत केला. मागच्या वर्षीचा विजेता पुढच्या वर्षी जज, असं काकांनी तिला कबूल केलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, शेवटी नवराच तिला घेऊन गेला.

अंधार पडल्यावर दोघं आली. नवरा थेट आंघोळीला गेला.

"मजा आली?" मी विचारलं.

"सो मच! मी जज होते."

"धाकटा दादा?"

"तो रूममधून आलाच नाही. मग काकांनी नेबरची मुलगी बोलावली. शी इज लाइक, फाइव्ह."

"मग शेवटचं कोण आलं?"

"तीच." ती बूट काढत होती. "तिचं घर ओके होतं ॲक्चुअली. पण कुणीतरी लास्ट यायलाच पाहिजे ना, आई."

"रडली का गं ती?"

"खूप," मुलगी म्हणाली आणि जेवायला काय आहे ते बघायला आत गेली.