गाठ म्हणून सांगितलं

निळ्या मार्करने अंगावर रेघा मारता मारता पुण्याच्या डॉक्टरीणबाई सगळं समजावत होत्या. छाती वर उचलायची म्हणजे गोल, मग सरळ खाली आणि मग छातीखालच्या घडीतून असे तीन छेद, तेही दोन्हीकडे. महिनाभर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. उताणंच झोपायचं. घट्ट सर्जिकल ब्रा दिवसरात्र. सूज हळूहळू उतरेल, काही ठिकाणी बधिर राहील, व्रण फिके होतील पण जाणार नाहीत. मी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. घरी काय सांगायचं हे मात्र त्यांना विचारलं नाही.

दोन बाळंतपणं झाली, मग मी हट्टाने वजन उतरवलं आणि छाती पार ओघळली. कपडे बदलताना मी आरशाकडे पाठ करायचे. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा. नवरा म्हणाला, तुला करायचंय तर कर, फक्त दौंडात कुणाला कळायला नको. म्हणून सासूबाईंना आणि निमोण्याला माहेरी आईला सांगितलं, छातीत साधी गाठ होती, काढली. गाठ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, अशी माझी अक्कल.

विचारलं नाही, पण आमच्या दारात आवाज खाली आले. शेजारीण शहाळं घेऊन आली आणि जाताना, गळतायत का म्हणून, माझ्या केसांकडे बघत राहिली. मला हसू आवरेना, आणि हसलं की टाके ओढायचे.

आठव्या दिवशी आई एसटीने आली. हात वर जात नव्हता म्हणून तीच माझी वेणी घालायची. पोरांचं बघायची, स्वतः मात्र दोन घास खाऊन उठायची आणि माझ्याकडे टक लावून बसायची. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण जन्मभर दुसऱ्याच्या रानात कांदे खुरपलेल्या बाईला कसं सांगणार, की चांगलं दिसावं म्हणून मी स्वतःला कापून घेतलं? उलट एकदा मीच तिच्यावर खेकसले, की मी काही मरत नाही. ती खाली बघून लसूण सोलत राहिली. त्याने मी आणखी चिडले.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं.

"किती कापलं, मला बघू दे."

मी नको म्हटलं. ती हलली नाही. शेवटी मी हूक काढले. तिने चष्मा लावला, वाकून एक बाजू बघितली, मग दुसरी. दोन्हीकडे अगदी सारखे व्रण.

"दोन्हीकडं व्हती?"

आता खोटं बोलवेना. सांगितलं, की गाठ नव्हतीच, कधीच नव्हती. ओघळली होती, ती वर उचलून घेतली. ती आता कानाखाली वाजवणार असं मला वाटलं. ती मटकन पलंगावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"न्हाई ना तुला? नक्की न्हाई?"

"नाही गं, आई."

"मंग बरं झालं."

डोळे पुसून तिने माझे हूक एकेक करून लावले, लहानपणी फ्रॉकचे लावायची तसे. मला इतकं हलकं वाटलं, की मीही रडले. मग तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या पदराखाली, डाव्या बाजूला नेऊन दाबला. बोटांना सुपारीएवढं टणक काहीतरी लागलं.

मी हात काढून घेणार होते, तिने तो घट्ट धरून ठेवला.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. "कुणाला बोलले न्हाई. तू ह्यातनं उठलीस, म्हंजी मीबी उठंन, आसं धरून बसले व्हते."